पाहुण्यांना नवी मुंबई दाखवणं

पाहुण्यांना नवी मुंबई दाखवणं हा वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर, खारघर या पट्ट्यात शिकायला येऊन राहिलेल्या पोरापोरींच्या वाट्याला वर्षातनं दोन-तीनदा तरी येणारा कार्यक्रम आहे. अ‍ॅडमिशनला सोबत आलेले आई-बाबा, दिवाळीनंतर चक्कर टाकणारे मामा-मावशी, एन्ट्रन्सला आलेला चुलतभाऊ, कॉलेजच्या फेस्टला बाहेरून आलेली टीम, हे सगळे पाहुण्यांतच मोडतात. याला कोणी पर्यटन वगैरे म्हणत नाही, "घरचे आलेत, जरा फिरवून आणतो" एवढंच म्हणतात आणि मग रूमवर बसून चर्चा सुरू होते की च्यायला दाखवायचं काय.

कारण हे पुण्यासारखं नाही. तिथं एक विद्यापीठ, शनिवारवाडा, लक्ष्मी रोड, झालं. इथं नेरूळला डी. वाय. पाटील, एसआयईएस आणि तेरणा, बेलापूर-खारघरला भारती विद्यापीठ, खारघरलाच निफ्ट, कामोठ्याला एमजीएम, पनवेलला पिल्लई, वाशीला फादर अ‍ॅग्नेल, म्हणजे स्टेशन बदललं की कॉलेज बदलतं आणि मधोमध म्हणावं असं गाव कुठंच नाही. गूगलवर बघितलं तर मॉल, वंडर्स पार्क, मॉल, रॉक गार्डन अशी यादी येते. नेरूळच्या वंडर्स पार्कात जगातल्या सात आश्चर्यांच्या छोट्या प्रतिकृती आहेत, लहान पोरं सोबत असतील तर जा, नाहीतर लातूरवरून दहा तास बसून आलेल्या माणसाला सिमेंटचा ताजमहाल दाखवण्यात काय अर्थ आहे मला कळलेलं नाही.

समुद्र कुठाय?

पाहुण्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मुंबई म्हटलं की समुद्र, आणि वाशीचा पूल ओलांडताना खिडकीतनं पाणी दिसलेलं असतं त्यामुळे त्यांची खात्रीच झालेली असते. ते पाणी ठाण्याच्या खाडीचं. शहराच्या पश्चिमेला सगळी खाडीच आहे आणि तिच्या काठाला तिवरांचं जंगल, वाळूचा किनारा नाही. वाशीला मिनी सी-शोअर नावाची जागा आहे, नाव ऐकून लोक चप्पल हातात घ्यायच्या तयारीने येतात आणि फरसबंद वॉकवे बघून परत फिरतात. संध्याकाळी वारा छान असतो तिथं, चालायला मस्त, पण समुद्र म्हणून नेऊ नका.

खरा समुद्र हवाच असेल तर उरण. नेरूळ आणि बेलापूरवरून निघणारी लोकल २०१८ ला खारकोपरपर्यंत सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ पासून थेट उरणला जाते, त्याआधी हायवेवरच्या कंटेनरच्या रांगेत बसमध्ये बसून जावं लागायचं. उरण स्टेशनवरून रिक्षाने पिरवाडीचा किनारा. एका बाजूला ओएनजीसीचा प्रकल्प, दुसऱ्या बाजूला खडक आणि वाळू, पाणी काही निळंशार नाही, पण लाटा येतात, भेळ मिळते, सूर्य पाण्यात बुडतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तेवढं पुष्कळ झालं. माझ्या रूममेटची आई तिथं पदर खोचून गुडघाभर पाण्यात तासभर उभी होती, शेवटची गाडी चुकेल म्हणून आम्हीच ओढून आणलं.

घारापुरीची लेणीही लोक मुंबईची समजतात पण ते बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. १९८७ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. साधारण वीस फूट उंचीची ती तीन मुखांची शिवमूर्ती फोटोत कितीही वेळा बघितली असली तरी अंधारातनं डोळे सरावल्यावर समोर येते तेव्हा बोलणं थांबतं. लाँच गेटवेवरून धरायची, तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, हे न बघता गेटवेपर्यंत गेलेले निदान चार जण तुमच्या ओळखीत सापडतील.

महिना, तिथी आणि मग जागा

इथं कुठं जायचं हे पाहुणे कोणत्या महिन्यात आले यावर ठरतं आणि हा मुद्दा लोक विसरतात. अ‍ॅडमिशनवाले पाहुणे येतात जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात, तेव्हा खारघरचे डोंगर हिरवेगार झालेले असतात आणि हायवेवरूनच धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा दिसतात. त्यातला मोठा तो पांडवकडा, शंभर मीटरच्या वर उंच. पाहुणे म्हणणारच की जाऊया जवळ. जायचं नाही. तिथं वरच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी मिनिटांत वाढतं, कॉलेजची पोरं वाहून गेलीयेत, म्हणून पावसाळ्यात बंदी घालतात आणि पोलीस उभे असतात. सेंट्रल पार्कच्या बाजूने छत्री धरून लांबून बघायचा, तसाही पूर्ण धबधबा लांबूनच नीट दिसतो.

नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे पर्यंत मात्र दाखवायची चीज एकच, फ्लेमिंगो. मराठीत रोहित. मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन्ही येतात, छोट्यांची गर्दी जास्त, आणि गुलाबी रंग येतो तो शेवाळ खाऊन. खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. ऐरोलीला वनखात्याचं जैवविविधता केंद्र आहे, तिथनं बोट सुटते, पण रोज वेगळ्या वेळेला, कारण सगळा खेळ भरती-ओहोटीचा. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी खाडीभर पसरून खात असतात, भरती आली की चिखल बुडतो आणि ते उठून नेरूळकडच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात, टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा डीपीएस शाळेजवळच्या तलावावर. म्हणजे बोटीचे पैसे नसतील तर भरतीच्या वेळी तिथं जाऊन फुकट बघता येतात, अट एवढीच की तळ्यात खाडीचं पाणी आत येत असलं पाहिजे, ते अडलं की पक्षी फिरकत नाहीत आणि यावरून इथले पर्यावरणवाले बरेच भांडलेत.

भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशोब कॅलेंडरवर होतो, अ‍ॅप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अवसेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, आणि हे चक्र दिवसातनं दोनदा. अर्धा तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अवसेच्या आसपासची भरती मोठी, तिला उधाण म्हणतात, अष्टमीची मरतुकडी, ती भांगाची. भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थी बघून उपास करणाऱ्या मावशीला हे सांगितलं तर ती सगळ्यात आधी शिकते, पोरांना तीनदा सांगावं लागतं. सकाळी भरती हवी तर अष्टमी-नवमी धरा.

थंडीत कर्नाळाही चांगलं. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा हायवेवरच अभयारण्य आहे, १२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे तसं छोटंच, पण स्वर्गीय नर्तक दिसला तर दिवस सार्थकी. वर किल्ला, आणि किल्ल्यावर तो अंगठ्यासारखा सुळका, त्याला आग्या मधमाश्यांची पोळी असतात तेव्हा तिथं सेल्फीसाठी आरडाओरडा करू नये.

आखलेलं शहर

पाहुण्यांना शहरच दाखवावं असं माझं मत आहे, जे फार कोणी करत नाही. मुंबई उत्तरेला लांबतच चाललीये तर खाडीपलीकडे दुसरं शहर वसवा, ही कल्पना आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, इंजिनिअर शिरीष पटेल आणि आर्किटेक्ट प्रविणा मेहता यांनी १९६५ मध्ये मांडली, मार्च १९७० मध्ये हे शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि भातशेती नि मिठागरांवर सेक्टर पडले. रेल्वे वाशीला पोचली ती थेट १९९२ मध्ये, म्हणजे वीस-बावीस वर्षं इथले लोक बसनेच मुंबईला जात होते.

हे सगळं बघायचं तर बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. सेक्टर ८, पारसिकच्या डोंगराखाली. कोरियांनीच ऐंशीच्या दशकात आखलेली वसाहत. सात-आठ घरांचं एक अंगण, अशा तीन अंगणांचं मिळून मोठं अंगण, असं वाढत जाणारं, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला पैसे मिळतील त्याने शेजाऱ्याला न विचारता वर मजला चढवावा, ही आयडिया. लोकांनी इतकी मनावर घेतली की आता मूळ उतरत्या कौलांची घरं शोधावी लागतात. आर्किटेक्चरची पोरं वही घेऊन फिरताना दिसतात. पाहुण्यांना मात्र आधी काही सांगू नका, नुसतं चालवा, "अरे हे तर आपल्या गल्लीसारखंच आहे" असं कुणीतरी म्हणतंच, आणि सिडकोच्या गावात आल्यापासून त्यांना पहिल्यांदा बरं वाटलेलं असतं. लोकांची घरं आहेत, तेव्हा खिडकीत मोबाईल घालून फोटो काढायचे नाहीत.

तिथनं पुढे बेलापूरचा किल्ला. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे मालक बदलत गेले, आता बुरूज आणि थोडं पडकं बांधकाम उरलंय, आणि जवळच पामबीच रोडच्या टोकाला महापालिकेचं घुमटवालं पांढरं मुख्यालय. किल्ला बघायला दहा मिनिटं लागतात. मग दिवाळे गावात उतरायचं. सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घेतल्या पण गावठाणं तशीच राहिली, त्यामुळे सरळ रेषेतल्या सेक्टरमधनं एकदम वाकड्या गल्लीत शिरतो आपण, देऊळ, जाळी वाळत घातलेली, मासळी बाजार, आणि आगरी-कोळी बोली कानावर पडते जी नागपूरच्या पाहुण्याला निम्मीच कळते. या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या पुढाकाराने आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे गोळीबारात पाच शेतकरी गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. कॉलेजच्या आसपासच्या ज्या बिल्डिंगमध्ये आपण पीजी म्हणून राहतो त्यातल्या कितीतरी याच साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्यात. नारळी पौर्णिमेला इथं असाल तर सारसोळे किंवा दिवाळे कोळीवाड्यात जा, मिरवणूक असते, बँड असतो, सोन्याचा नारळ म्हणून मानाचा नारळ खाडीला देतात.

देवदर्शन म्हणाल तर आई-बाबांसाठी सध्या खारघरचं इस्कॉन मंदिर जोरात आहे, १५ जानेवारी २०२५ ला उद्घाटन झालं, नऊ एकरचा परिसर. बेलापूर-पेंधर मेट्रोने सेंट्रल पार्कला उतरायचं. ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, ११ स्टेशनं, आणि गावाकडच्या पोरांना देवळापेक्षा तीच जास्त आवडते.

संध्याकाळ

नाटक. वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, ज्यांनी १८४३ मध्ये सांगलीला सीता स्वयंवर केलं त्यांच्या नावाचं. शनिवार-रविवारी व्यावसायिक नाटकं लागतात. पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह, फडके तिथल्याच शिरढोणचे. दोन्हीकडे काही नसेल तर वाशीवरून ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे, मासुंदा तलावाच्या काठावर गडकरी रंगायतन, १९७८ सालचं. नाटकाआधी तलावपाळीला एक चक्कर आणि स्टेशनजवळ मामलेदारची मिसळ, पण मिसळ झेपत नसेल त्याला "कमी तिखट" सांगायची सवय असू द्या, ती कमी तिखटही घाम काढते.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मॅच किंवा कॉन्सर्ट असेल तर त्या दिवशी पाहुणे बोलवू नका, किंवा मुद्दाम बोलवा. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप इथंच उचलला.

खाणं आणि परतीची पिशवी

एप्रिल-मे मध्ये आलेला पाहुणा एपीएमसीच्या फळबाजारात न्यावा, तुर्भ्याला, सकाळी लवकर. देवगड-रत्नागिरीच्या पेट्यांचे डोंगर, हमाल "बाजू बाजू" ओरडत हातगाडी घुसवतात, वास असा की पोट भरतं. डझनावारी घ्यायला गेलात तर कोणी उभं करत नाही, पेटी घ्या आणि रूमवर वाटून घ्या. मसाला मार्केट शेजारीच, तिथं वर्षाचा मसाला करायला आलेल्या बायकांच्या मागे उभं राहून मिरचीचे भाव ऐकले तरी शिक्षण होतं.

थंडीत पनवेलकडे कोणी आगरी मित्र असेल तर पोपटीचं आमंत्रण उपटावं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, तोंडाला परत पाला, मडकं उपडं करून भोवती पेटवायचं. पाणी नाही, तेल नाही. ही हॉटेलात खायची गोष्टच नाही, शेतात काळोखात बसून खायची.

जाताना पाहुण्यांच्या हातात सुकट-बोंबील द्यायचे असतील तर तीन पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर ट्रॅव्हल्सवाला डिकीतही ठेवू देत नाही. रात्रीच्या बस वाशी, नेरूळ एलपी, उरण फाटा, खारघर, कळंबोली असं सायन-पनवेल हायवेवर थांबत जातात, ड्रायव्हर फोनवर "पाच मिनिटात येतो" म्हणतो आणि पाऊण तास लागतो, तेवढ्या वेळात उड्डाणपुलाखाली उभं राहून आई शंभरदा विचारते की जेवतोस ना नीट.