ट्रकचा गेरबॉक्स आणि मराठवाड्यातली ड्रायव्हर मंडळी

इंजिनाची ताकद लोड अन् चढ बघून चाकापर्यंत कमी-जास्त करून पोचवणारी पेटी म्हणजे गेरबॉक्स. अवजड ट्रकात तिचे मोटामोटी तीन प्रकार राहतात: बिनसिंक्रोचा, सिंक्रोवाला (सिंक्रो म्हणजे गेर टाकताना चक्रांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) आणि एएमटी, ज्यात क्लच-गेरचं काम कॉम्प्युटर करतो. कोणता चांगला हे जालन्याहून सळई भरून निघालेल्याला विचारा, मग शेतातून ऊस काढणाऱ्याला विचारा, दोन उत्तरं येतील.

बिनसिंक्रोच्या पेटीत दोन चक्रांचा वेग जुळला तरच गेर बसतो, नाहीतर खरखर. म्हणून डबल क्लच. खालचा गेर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरासा रेस, पुन्हा क्लच अन् मग गेर. जुन्या लेलँडवर शिकलेले उस्ताद अजूनही सवयीनं असंच करतात, सिंक्रोची गाडी असली तरी. अमेरिकेत ईटन फुलर कंपनीचे १०, १३, १८ गेरचे बिनसिंक्रोचे बॉक्स वर्षानुवर्षं चालले अन् तिकडचे ड्रायव्हर गाडी निघाली की क्लचला पायच लावत नाहीत, नुसत्या आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या जुळवून, गेर बदलतात. युरोपनं सिंक्रो धरला आणि आता तिथं बहुतेक एएमटीच. व्होल्वोचा १२ गेरचा आय-शिफ्ट हा एएमटी २००१ ला आला. आपल्याकडं टाटाची गाडी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १९५४ ला झालेल्या करारातून आली, भारतबेंझ २०१२ ला, त्यामुळं वळण युरोपचं, पण एएमटीपर्यंत पोचायला वेळ लागायलाय.

मराठवाड्यात रोजच्या वापरात ६ आणि ९ गेरची सिंक्रोवाली पेटी जास्त दिसते. ९ गेर म्हणजे एक क्रॉलर (सगळ्यात हळू अन् जोराचा गेर), चार लो अन् चार हाय, ही हाय-लो रेंज हवेच्या दाबावर बदलते. इथंच नवखा फसतो, वेगात असताना हायमधून लोमध्ये पाडलं की रेंजचा सिंक्रो जळतो अन् पेटी उतरवावी लागते, मालकाचा महिना गेला म्हणून समजा. हवा कमी असली तर रेंज बदलतच नाही. ६ गेरवाल्याला ही कटकट नाही, गावोगावी मिस्त्री सापडतो, म्हणून लातूरच्या डाळ-सोयाबीनवर चालणाऱ्या गाड्यांचे बरेच ड्रायव्हर अजून तिलाच पसंती देतात.

९ गेरची किंमत कळते ती घाटात. मांजरसुंब्याचा घाट असो की कन्नडचा औट्रम घाट, भरलेल्या गाडीला दोन गेरमधलं अंतर कमी असलं की इंजिन दम सोडत नाही. (औट्रम घाटातून अवजड वाहनांना २०२३ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं बंदी घातली, तेव्हापासून गाड्या लांबच्या वळशानं जातात.) क्रॉलरचं काम वेगळंच, ऊसाच्या फडात काळ्या मातीत रुतलेली गाडी क्लच न जाळता सरकवायची तर तोच लागतो.

उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचतं असा समज पक्का आहे, सगळ्या पिढ्यांत. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात मात्र उलटं राहतं, गेरमध्ये ठेवून एक्सीलेटर सोडला तर डिझेल बंदच होतं अन् न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर पीत राहतं. वर इंजिन ब्रेक, म्हणजे गेरमधल्या इंजिनानं गाडी धरून ठेवणं, गेला की सगळा भार ब्रेक ड्रमवर, ते तापले की पाय दाबून उपयोग नाही.

एएमटीची गोडी मालकाला जास्त. नवखा ड्रायव्हर असला तरी अ‍ॅव्हरेज सुधारतं अन् क्लच प्लेट टिकते. समृद्धीवर जालन्याहून मुंबईकडं तासन्‌तास एका चालीत जायचं असेल तर ड्रायव्हरलाही गुडघ्याचा आराम कळतो. पण रात्री सेन्सरनं धोका दिला तर ढाब्यापाशी हात घालता येत नाही, कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायची, ही तक्रार सगळ्यात आधी ऐकू येते. जुने लोक म्हणतात, "पाय रिकामा राहिला की झोप येती." हे मला अर्धंच पटतं, कारण थकलेला पाय घेऊन घाट उतरणं काही कमी धोक्याचं नाही.