मुंबईचा किनारा: नकाशातली रेषा आणि भरतीचं पाणी

किनारा म्हटलं की इंजिनिअर, बंदरखातं आणि फार तर जीवशास्त्रज्ञ, अशीच आपली समजूत. मुंबईत चित्रकार, वास्तुरचनाकार, इतिहासाचे अभ्यासक या विषयात शिरले त्याला मोठा धक्का कारणीभूत ठरला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी घराघरांत शिरली. मिठीला नदी न म्हणता नाला म्हणायची सवय तोवर आपल्या अंगवळणी पडली होती!

त्यानंतर वास्तुरचनाकार अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी मांडणी केली की मुंबई हे बेट नसून खाडीमुख आहे. जमीन इकडे, समुद्र तिकडे अशी ठाम रेघ इंग्रजी नकाशांनी ओढली, पावसाळा त्यात धरलाच नाही. 2009 मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं ‘सोक’ हे प्रदर्शन भरलं. शहर वरून दाखवण्याऐवजी त्यांनी उभे छेद काढले, म्हणजे पाणी कुठे मुरतं, कुठे चढतं ते दिसावं. पूरनियंत्रणाच्या चर्चेत चित्रकलेची ही भर मला मोलाची वाटते.

कायद्यातही रेषाच होती. 1991 च्या सीआरझेड (सागरी किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा आखला. कोळ्यांचं गणित मात्र तिथीवर चालतं: पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. डोल जाळं खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाला लावतात, ओढ असेल तरच बोंबील, जवळा त्यात शिरतो. भांगाला पाणी मंद, जाळं रिकामं.

2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या मंडळींनी ओहोटीच्या वेळी सामान्य लोकांना खडकांवर न्यायला सुरुवात केली. हाजीअलीजवळ प्रवाळ आहेत, हे अनेकांना तेव्हा कळलं.

पुढे सागरी किनारा मार्ग आला आणि वरळीत रेषा की पाणी हा जुनाच वाद नव्याने पेटला. क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडतात तिथे पुलाच्या खांबांमध्ये 60 मीटरचं अंतर कागदावर पुरेसं होतं. खडक, वारा आणि पाण्याची ओढ यांत होडी सरळ जात नाही, म्हणून कोळ्यांनी 200 मीटर मागितले. काम अडलं. जानेवारी 2023 मध्ये पालिकेने 120 मीटर मान्य केले.