घरचा बायोगॅस: विकत घेण्याआधी आणि बसवल्यानंतर

आमच्या संयंत्रात घरातल्या खरकट्यापासून स्वयंपाकाचा गॅस तयार होतो. त्यात दोन टाक्या असतात. खालच्या टाकीत पाणी आणि जिवाणू. तिच्यात उलटी बसवलेली दुसरी टाकी गॅस साठेल तशी वर चढते. गॅस जळतो तो मिथेनमुळे. मिथेन तयार करणारे जिवाणू गाईच्या पोटात असतातच, म्हणून सुरुवात ताज्या शेणाने करायची. गोबरगॅसला शेण रोज लागते, इथे फक्त विरजणापुरते.

ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' (ARTI) संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी पिष्टमय पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र विकसित केले. त्यासाठी संस्थेला २००६ साली ॲशडेन हा शाश्वत ऊर्जेसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेला चारा, त्यात सत्त्व थोडेच उरते. शिळा भात, पोळीचे तुकडे, चक्कीवरचे झाडलेले पीठ, पिकलेल्या केळ्याच्या साली यांत ते पुष्कळ असते.

आता अपेक्षेबद्दल स्पष्ट बोलतो. दोन किलो ओल्या खरकट्यावर एक शेगडी साधारण अर्धा ते पाऊण तास चालते. चहा होईल, एक कुकर होईल. सिलिंडर जास्त दिवस पुरेल, पण बंद होणार नाही. थंडीत गॅस आणखी कमी मिळतो, म्हणून टाकी उन्हातच हवी. हजार लिटरची भरलेली टाकी एक टनाच्या वर जाते. गच्चीवर ठेवायची असेल तर आधी इंजिनिअरला स्लॅब दाखवा. याबाबत आम्ही तडजोड करत नाही.

शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेले ताजे शेण, भरल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते. तो पेटवू नका, मोकळ्यावर सोडून द्या. मग मूठभर खरकट्यापासून सुरू करून हळूहळू वाढवा. बहुतेक तक्रारी इथूनच येतात: सणावाराला उरलेले सगळे एकदम ओतले जाते, टाकी आंबते, गॅस येतो पण पेटत नाही. अशा वेळी टाकीत खरकटे घालणे बंद ठेवा, थोडा ताजा शेणकाला घाला आणि आठवडाभर वाट पाहा.

खरकटे बारीक करून, पाण्यात कालवून घाला. हाडे, अंड्याची टरफले, नारळाच्या शेंड्या, कांद्याची साले नकोत. लिंबू-संत्र्याच्या सालींचा ढीगही नको. साबणाचे पाणी आणि फिनेल तर थेंबभरही नको, जिवाणू मरतात.

नळीला उतार ठेवा, नाहीतर आत पाणी साचून ज्योत फडफडते. गळतीची शंका आली तर सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा. काडी ओढून कधीही पाहू नका. सिलिंडरची शेगडी तशीच जोडू नका, या गॅसचा दाब कमी असल्याने बर्नरची भोके मोठी लागतात. ते काम आमचा माणूस करून देतो.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी तेवढेच साधे पाणी मिसळून झाडांना घाला.

दुरुस्तीसाठी फोन कराल तेव्हा गेल्या आठ दिवसांत टाकीत काय-काय घातले ते आठवून सांगा. पुष्कळदा त्यावरूनच उपाय फोनवर सांगता येतो.