वाचक मोजायला कधी सुरुवात झाली

हौसेखातर लिहायचं की वाचकसंख्या वाढवायची, हा वाद इंटरनेटने सुरू केला असं आपण धरून चालतो. त्यातली हौस मात्र इंटरनेटहून बरीच जुनी आहे. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेतल्या हौशी पत्रकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. टेबलावर मावतील अशी छपाईयंत्रं तेव्हा मिळू लागली होती. त्यांवर तरुण मुलं छोटेखानी अंक छापत आणि एकमेकांना टपालाने धाडत. अंकाच्या बदल्यात अंक, एवढाच व्यवहार. वाचक मोजके, आणि त्यातले बहुतेक स्वतःच लिहिणारे. पुढे १९३० च्या दशकात विज्ञानकथांच्या चाहत्यांनी काढलेली फॅनझिन्स, म्हणजे हौशी नियतकालिकं, याच वळणाची होती.

वेबवरचे पहिले लिहिणारे याच जातकुळीतले. जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये स्वतःचं आयुष्य उघडपणे मांडायला सुरुवात केली, ती कुणी मागितलं म्हणून नव्हे. १९९९ मध्ये लाइव्हजर्नल आणि ब्लॉगर या ब्लॉग लिहायच्या सेवा आल्या आणि तांत्रिक खटपट न करताही लिहिता येऊ लागलं.

मोजणी आली ती दुसऱ्याच दाराने. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या संकेतस्थळावर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या. जाहिरातदाराला डोकी मोजून हवी असतात, त्यामुळे आकडा आधी त्याच्या सोयीसाठी होता. वैयक्तिक पानांच्या तळाशीही पान किती वेळा उघडलं ते सांगणारे हिट काउंटर दिसत, पण ती गंमतच होती. स्वतःचं पान दहादा उघडलं तरी बरेचसे काउंटर इमानाने दहाने पुढे सरकत.

खरं वळण २००३ चं. फेब्रुवारीत गुगलने ब्लॉगर चालवणारी कंपनी घेतली आणि जूनमध्ये अ‍ॅडसेन्स सुरू केलं. आता एकट्यादुकट्या लेखकाच्या पानावरही जाहिरात लागू शकत होती. त्याच फेब्रुवारीत इंटरनेटचे अभ्यासक क्ले शर्की यांनी दाखवून दिलं होतं की मूठभर ब्लॉगांकडे लिंकांचा मोठा वाटा जातो आणि उरलेल्या असंख्यांच्या वाट्याला थोड्याच येतात. नोव्हेंबर २००५ मध्ये वाचकसंख्या मोजणारं गुगल अ‍ॅनालिटिक्स फुकट मिळू लागलं. आधी ज्यासाठी पैसे मोजावे लागत, ते जाहिरातदाराचं मोजमाप आता शंभर वाचकांच्या लेखकालाही रोज सकाळी पाहता येऊ लागलं.

याने लिहिण्याच्या आनंदाचं काय होतं? थेट उत्तर नाही, पण १९७३ चा एक प्रयोग आठवतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेली लहान मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात आधी कबूल केलेल्या बक्षिसाची मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. मुलांवरचा प्रयोग मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये, हे खरं. तरी अनोळखी वाचकाचं अनपेक्षित पत्र आणि ‘पोस्ट’चं बटण दाबल्यापासून ज्याची वाट पाहिली तो आकडा, यांतला फरक मला इथेच दिसतो.

टोक गाठलं गेलं ते डिमांड मीडियासारख्या कंपन्यांत. लोक काय शोधतात आणि त्यावर जाहिरातीचा दर किती, हे पाहून संगणक विषय सुचवायचा. लेख नंतर, किरकोळ मोबदल्यात लिहून घेतला जायचा. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने शोधक्रम बदलला आणि असा माल मागे ढकलला.

तोवर आकडा लेखकाच्या खासगी डॅशबोर्डवरून थेट मजकुराखाली आला होता. फेसबुकचं लाइक बटण फेब्रुवारी २००९ चं. त्याहूनही मोठा बदल वाचकाच्या बाजूने झाला. नवं लिखाण आपोआप आणून देणाऱ्या आरएसएस या वेब-तंत्रात वाचक ज्याला निवडे त्याचं सगळं लिखाण त्याच्यापर्यंत पोचे. जुलै २०१३ मध्ये असं वाचन करून देणारं गुगल रीडर बंद झालं, आणि तोवर बहुतेक वाचन अल्गोरिदमने रचलेल्या फीडकडे वळलं होतं. तिथे प्रतिसाद मिळाला तर पुढे दाखवणार, नाहीतर नाही. म्हणजे ज्यांनी आपणहून फॉलो केलं त्यांच्यापर्यंत पोचायलाही आधी आकडा कमवायचा. हौशी लेखकाला ‘वाढी’ची भाषा शिकावी लागली ती इथे; त्यात सगळाच हावरटपणा नव्हता.

मधला मार्ग शोधणारेही होते. मार्च २००८ मध्ये अमेरिकी लेखक केविन केली यांनी हिशेब मांडला: वर्षाला १०० डॉलर खर्चणारे १००० सच्चे चाहते असले की एका माणसाचं भागतं. हिशेब बिनचूक, पण हजार सच्चे मिळवायला किती हजार बघ्यांसमोर उभं राहावं लागतं, हा प्रश्न उरतोच. २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने काही देशांत लाइकचे आकडे लपवून पाहिले. लपले ते इतरांपासून. ज्याची पोस्ट त्याला स्वतःचा आकडा दिसतच होता.

२०१७ मध्ये ईमेलने लिखाण पाठवायची सबस्टॅक ही सेवा निघाली आणि लेखक पुन्हा ईमेलकडे वळले. मध्ये फीड नाही, पत्र थेट वाचकाच्या हाती. मोजणी मात्र सोबत आलीच: पत्रात दडवलेलं अदृश्य चित्र लोड झालं की ते ‘उघडलं’ असं धरायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेल अ‍ॅपमध्ये अशी चित्रं आधीच लोड करण्याची सोय आणली. तेव्हापासून ही सोय चालू असलेला वाचक पत्राकडे ढुंकूनही न पाहता लेखकाच्या डॅशबोर्डवर वाचक म्हणून नोंदला जाऊ शकतो.