पार्श्वभूमी : नायजेरियाच्या नद्या आणि बाहेरून आलेली मोजमापे

नायजेरियातील विद्यापीठांमधून नद्या, तलाव आणि खाड्यांवर शोधनिबंधांचा ओघ सतत चालू असतो. कडुना नदी, कानोजवळची चल्लावा, बेनिन सिटीची इक्पोबा, इबादानचे ओढे, नायजरचा त्रिभुज प्रदेश अशी ठिकाणे बदलत राहतात, पण निष्कर्षातले एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटते : अमुक धातू मर्यादेच्या आत आढळला, तमुक मर्यादेबाहेर. ही मर्यादा माणसासाठी ठरवली आहे की माशासाठी, हे त्या वाक्यावरून कळत नाही. ती तिथे कशी येऊन बसली, याला बराच इतिहास आहे.

सुरुवातीला मर्यादांचा प्रश्नच नव्हता. इबादानला १९४८ मध्ये लंडनशी जोडलेले महाविद्यालय निघाले आणि पुढच्याच दशकात तिथल्या प्राणिशास्त्रज्ञांनी लागोसच्या लगूनकडे, म्हणजे समुद्रालगतच्या उथळ सरोवराकडे, लक्ष वळवले. हे लगून समुद्राला फक्त बंदराच्या तोंडाशी मिळते. कोरड्या हंगामात खारे पाणी आत शिरते आणि पावसाळ्यात नद्या ते जवळजवळ गोडे करून टाकतात. क्षारता उतरली की आतल्या भागातले बार्नेकल, म्हणजे खांबांना चिकटून राहणारे कवचधारी प्राणी, मरतात आणि पाऊस सरल्यावर बंदराच्या बाजूने नवी पिल्ले येऊन खांबांवर बसतात. हंगामाप्रमाणे प्राणी कसे जातात-येतात एवढेच या अभ्यासाला जाणून घ्यायचे होते, आणि ते काम उत्तम झाले.

त्यानंतरचे मोठे काम कैंजी धरणाचे. १९६८ मध्ये नायजर नदी अडली, साधारण १,२५० चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला आणि चाळीस हजारांवर लोक उठवले गेले. पाणी साठण्याआधी नदीची पाहणी करून ठेवावी, असे त्या वेळी ठरले. त्यातून नायजरचे दोन पूर शास्त्रीय नोंदीत नीट उतरले. स्थानिक पावसाचा, मातीने गढूळ झालेला 'पांढरा पूर' सप्टेंबरच्या सुमारास येतो. गिनीच्या डोंगरात उगम पावलेला 'काळा पूर' मालीतल्या पाणथळ प्रदेशात गाळ टाकून, निवळून, कित्येक महिन्यांनी म्हणजे ऐन कोरड्या हंगामात कैंजीला पोहोचतो. या स्वच्छ पाण्यात प्रकाश खोल जातो, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढते आणि माशांचे वेळापत्रक त्यावर चालते. धरणानंतर नदीत भरपूर असलेले सोंडेसारख्या तोंडाचे मासे घटले आणि उघड्या पाण्यात थव्याने फिरणारे बोटभर रुपेरी मासे वाढले. आधीची नोंद हाताशी होती म्हणून हा फरक सांगता आला. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर 'आधी मोजा, मग बदला' या क्रमाने काम झाल्याचे दुसरे उदाहरण मला दिसत नाही.

तेलाच्या बाबतीत हा क्रम पाळला गेला नाही. ओलोइबिरीला १९५६ मध्ये तेल लागले, १९५८ पासून निर्यात सुरू झाली. पोर्ट हारकोर्टला विद्यापीठ निघाले १९७५ मध्ये. मधल्या काळात खाड्यांतून नळ टाकले गेले आणि कालवे खोदले गेले. जानेवारी १९८० मध्ये किनाऱ्याजवळची एक तेलविहीर फुटली आणि शेकडो हेक्टर खारफुटी करपली. तेल किती सांडले यावर कंपनीचा, सरकारचा आणि इतरांचा आकडा कधी जुळला नाही. तेलाआधी या खाड्यांच्या गाळात काय होते, मासे किती होते, याची सलग नोंद नसल्यामुळे पुढचा प्रत्येक अभ्यास कमी बिघडलेल्या एखाद्या शेजारच्या खाडीशी तुलना करत राहिला. ती खाडीही बिघडलेली असू शकते, ही शंका तेव्हापासून आजतागायत आहे.

याच सुमारास एका जलचरावर देशभर लक्ष केंद्रित झाले. १९८८ च्या सुमारास झालेल्या पहिल्या देशव्यापी शोधात नारूचे, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या कृमीरोगाचे, साडेसहा लाखांहून अधिक रुग्ण सापडले. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला पायविहिरी आणि नारू यांचे नाते सांगायला नको. पाण्यातला सायक्लॉप्स हा सूक्ष्म कवचधारी प्राणी त्याचा वाहक. तळ्यातळ्यांत तो मोजला गेला, कापडाने गाळला गेला, औषध टाकून मारला गेला. नायजेरियातला शेवटचा रुग्ण २००८ मध्ये नोंदला गेला आणि २०१३ मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. हे यश निर्विवाद मोठे आहे. मात्र पाण्यातल्या जिवाकडे पैसा आणि माणसे वळतात ती तो माणसाला अपाय करतो तेव्हा, हेही त्यातून दिसून आले.

१९८० च्या दशकात घटना इतक्या दाटीने घडल्या की आजच्या संशोधनाचा साचा तेव्हाच पडला म्हणायला हरकत नाही. १९८४ मध्ये जलपर्णी शेजारच्या बेनिन देशातून खाडीमार्गे बडाग्रीला शिरली आणि काही वर्षांत लागोसच्या जलमार्गांवर पसरली. १९८६ मध्ये आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आला. १९८५ मध्ये एका डॉलरला एक नायराही (नायजेरियाचे चलन) पडत नव्हता, १९९३ पर्यंत वीसहून अधिक पडू लागले. परदेशी रसायने, मापनयंत्रांचे सुटे भाग, नियतकालिकांच्या वर्गण्या विद्यापीठांच्या आवाक्याबाहेर गेल्या आणि अनेक प्राध्यापक देश सोडून गेले. १९८८ मध्ये कोको या छोट्या बंदरगावात इटलीहून आणलेल्या विषारी कचऱ्याची हजारो पिंपे एका घराच्या आवारात सापडली. संताप उसळला आणि त्याच वर्षी पर्यावरणासाठी केंद्रीय यंत्रणा उभी करणारा हुकूम निघाला. १९९१ मध्ये सांडपाण्याच्या पहिल्या राष्ट्रीय मर्यादा आल्या. म्हणजे प्रयोगशाळा सर्वांत दुबळ्या झाल्या होत्या त्याच काळात मोजमापाची सक्ती आली. स्वतःच्या नद्यांवर प्रयोग करून आकडे ठरवायला ना वेळ होता ना पैसा, आणि बाहेरचे तयार आकडे समोर होते.

त्यांतला सर्वांत जुना आकडा बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात याचा. नायजेरियात ही चाचणी बहुधा ५ दिवस, २० अंश सेल्सियसला करतात. हे दोन्ही आकडे ब्रिटनमधून आले. सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी तिथे नेमलेल्या आयोगाने १९१२ च्या अहवालात लिटरमागे तरंगते घन पदार्थ ३० मिलिग्रॅम आणि बीओडी २० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली, तीही नदीत निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल या हिशेबाने. तापमान धरले ते तिथल्या उन्हाळी नदीचे, ६५ अंश फॅरनहाइट. पुढे ते २० सेल्सियसवर स्थिरावले. पाच दिवसांचे कारण असे सांगतात की ब्रिटनमधल्या नदीचे पाणी जास्तीत जास्त तेवढ्या काळात समुद्राला मिळते.

हे सगळे नायजेरियात लावून पाहावे. काळा पूर गिनीहून निघून महिन्यांनी पोहोचतो. दक्षिणेकडच्या नद्यांचे पाणी वर्षातला बराच काळ २६ ते ३० अंशांवर असते. या उष्णतेत कुजण्याची क्रिया २० अंशांपेक्षा बरीच वेगाने चालते, त्यामुळे बाटलीत पाच दिवसांत जेवढा ऑक्सिजन संपतो तेवढा नदीत त्याहून लवकर संपतो. शिवाय मुळात साठाच कमी असतो. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. उत्तरेकडच्या नद्या कोरड्या हंगामात आटतात तेव्हा कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या पाण्यात आठपट स्वच्छ पाणी मिसळणार कुठून?

यातली व्यावहारिक अडचण मला अधिक बोचते. बाहेर ३२ अंश असताना बाटल्या २० अंशांना ठेवायच्या तर पाच दिवस अखंड थंडावा हवा, म्हणजे अखंड वीज हवी. नायजेरियातल्या विद्यापीठात वीज दिवसातून कित्येकदा जाते आणि जनरेटरच्या डिझेलचा खर्च विभागाला झेपत नाही. अशा चाचणीवर एखाद्या कारखान्याला दोषी किंवा निर्दोष ठरवायचे, हे त्या पदवीच्या विद्यार्थ्यावरही अन्यायाचे आहे आणि नदीवरही. भारताने १९९० च्या दशकात या चाचणीसाठी ३ दिवस, २७ अंश ही पद्धत मानक केली. महाराष्ट्रातल्या नद्यांचे बीओडीचे आकडे त्याच पद्धतीने येतात. २७ अंश राखणे आपल्याकडच्या हवेत सोपे आणि नदीच्या तापमानाला जवळचे. नायजेरियाला असा बदल करायला कोणाची आडकाठी नव्हती, तरी तो झाला नाही. जुन्या आकड्यांशी तुलना तुटेल हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप खरा आहे, पण ज्या आकड्यांची खात्री नाही त्यांच्याशी तुलना टिकवून मिळते काय?

दुसरे उसने माप पिण्याच्या पाण्याचे. जागतिक मार्गदर्शक मूल्ये सहज मिळतात, सर्वमान्य आहेत, म्हणून नदीतल्या धातूंचे आकडे त्यांच्याशीच ताडले जातात. तांब्याचे मूल्य लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. माणसासाठी ते योग्यच. पण मऊ पाण्यात, आणि दक्षिण नायजेरियातल्या कित्येक वननद्यांचे पाणी मऊच असते, माशांना आणि त्यांच्या खाद्याला तांब्याचा त्रास एका मिलिग्रॅमच्या काही शतांशांपासूनच सुरू होतो. अमोनियाचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात तो चव-वासाचा मुद्दा मानला जातो, माशांच्या कल्ल्यांना मात्र त्याचे मुक्त रूप जाळते. सामू (पीएच) ८ असलेले पाणी १५ वरून ३० अंशांवर गेले की हे मुक्त रूप जवळपास तिप्पट होते. अशा पाण्याला 'मर्यादेच्या आत' म्हणणे आकड्यांच्या दृष्टीने बरोबर आणि नदीच्या दृष्टीने चूक ठरते. २००७ मध्ये देशाचे स्वतःचे पिण्याच्या पाण्याचे मानक आले, त्यानंतर निबंधांत दोन रकाने दिसू लागले, एक देशी आणि एक जागतिक. दोन्ही माणसासाठीच.

तिसरा प्रश्न चाचणीच्या माशाचा. कीटकनाशक किंवा सांडपाणी किती घातक, हे ठरवायला नायजेरियातल्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरला जातो आफ्रिकन मागूर. भारतात याच माशाच्या पालनावर बंदी आहे आणि 'थाई मांगूर' म्हणून त्याच्यावरच्या कारवाईच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. नायजेरियात तो मूळचा, बाजारातला लाडका आणि हौदांत सर्वत्र पाळला जाणारा मासा. पिल्ले स्वस्त मिळतात, म्हणून निवड समजण्यासारखी आहे. पण त्याला हवेतून श्वास घेण्याचे वेगळे इंद्रिय आहे. ज्या पाण्यात इतर मासे गुदमरतात तिथे तो वर येऊन हवा घेतो. ९६ तासांत निम्मी पिल्ले मरण्याची जी मात्रा अशा चिवट माशावर निघते, ती नदीतल्या नाजूक जातींसाठी सैल असण्याचा धोका उघड आहे.

तेलप्रदेशात ही गुंतागुंत कायद्यात उतरली. २००७ मध्ये पर्यावरण-नियमांच्या अंमलबजावणीसाठी नवी केंद्रीय यंत्रणा झाली, पण तेल आणि वायू क्षेत्र तिच्या कक्षेतून स्पष्ट शब्दांत वगळले गेले. तेल-उद्योगाच्या नियमावलीत मातीतल्या तेलासाठी किलोमागे ५० मिलिग्रॅम हे गाठायचे लक्ष्य आहे आणि ५,००० मिलिग्रॅम ही कारवाई सुरू करण्याची पातळी. साफसफाई नेमकी कुठे थांबवायची यावर व्यवहारात गोंधळ राहिला आणि पाच हजाराखाली आले की काम संपले, असा अर्थ लावला जाऊ लागला. नायजरच्या त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी भागावरच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने याच गोंधळावर बोट ठेवले. कागदोपत्री साफ झालेल्या ज्या १५ जागा तपासल्या, त्यांपैकी १० ठिकाणी प्रदूषण मर्यादेहून जास्त निघाले. एका गावातल्या विहिरींत बेंझीन हे तेलातले विषारी रसायन पिण्याच्या पाण्याच्या मार्गदर्शक मूल्याच्या ९०० पट होते. इथे माणसाचे माप अगदी योग्य जागी लागले आणि जगाला धक्का बसला.

त्याच अहवालातली एक नोंद मात्र फारशी चर्चेत आली नाही. तिथले मासे खाण्यात आरोग्याला मोठा धोका दिसला नाही, पण खारफुटी नष्ट झाल्याने माशांना थाराच उरला नव्हता आणि खाड्या मासेमारीच्या लायकीच्या राहिल्या नव्हत्या. मासा खाता येतो का, या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आले आणि त्याच वेळी मासेमारी संपत आली होती.

गेल्या काही वर्षांत काही विद्यापीठांनी वेगळी वाट धरली आहे. इक्पोबासारख्या नद्यांत तळाच्या किड्यांची पाहणी बरीच आधीपासून होते. मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या कीटकाची पिल्ले नाहीशी होऊन लाल अळ्या वाढल्या की ऑक्सिजन गेला, हे यंत्राशिवाय आणि विजेशिवाय कळते. आता त्यावरून स्थानिक निर्देशांक बसवले जात आहेत, म्हणजे कोणत्या जाती स्वच्छ पाण्याच्या आणि कोणत्या घाणीच्या, हे त्या नद्यांवरूनच ठरते. यासाठी दोन हंगाम सलग नमुने लागतात आणि तिथेच अडते. २०२२ मध्ये प्राध्यापकांचा संप १४ फेब्रुवारीपासून आठ महिने चालला. कोरड्या हंगामाचा उत्तरार्ध आणि जवळजवळ पूर्ण पावसाळा त्यात गेला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नैऋत्य नायजेरियातल्या ओसोग्बो शहराच्या जत्रेआधी ओसुन नदीचे पाणी पिऊ नका, अशी सूचना भाविकांना द्यावी लागली. या नदीकाठची देवराई २००५ पासून जागतिक वारसा आहे. वरच्या अंगाला सोन्याच्या खाणकामाने पाणी तांबूस झाले होते. त्यानंतर या नदीवर धातूंचे आणि सूक्ष्म प्लास्टिकचे अभ्यास वाढले. दरम्यान तेलप्रदेशात मोठ्या परदेशी कंपन्या जमिनीवरची क्षेत्रे देशी कंपन्यांना विकून बाहेर पडत आहेत. हस्तांतराच्या दिवशी खाडीची अवस्था काय होती, हे कोणाच्या नोंदीवरून आणि कोणत्या मापाने ठरवायचे, हा वाद आता विद्यापीठांच्या दारात आला आहे.