पार्श्वभूमी : कागदावरचा मार्गदर्शक आणि मैदानावरचा

विदर्भात खेळ शिकवणाऱ्याला आधी शब्द होता वस्ताद. आखाडा गावाचा, खुराक घरचा. अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या व्यायामसंस्थेचे खेळाडू १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवून आले. पुढे शारीरिक शिक्षणाच्या पदव्या आल्या, शाळेत पीटीचे सर आले.

गुंता झाला तो 'मार्गदर्शक' या शब्दाने. सरकारी क्रीडा खात्यात 'क्रीडा मार्गदर्शक' हे पगारी पद आहे. शालेय स्पर्धेच्या अर्जावर सही चालते ती शाळेच्या क्रीडा शिक्षकाची. आणि पहाटे पाचला मैदानावर शिट्टी घेऊन उभा असतो तो तिसराच: जुना खेळाडू, दिवसा शेती करणारा. पोरं त्याला सर म्हणतात, पण कोणत्याच कागदावर त्याचं नाव नसतं. २००५ साली शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण मिळालं, तेव्हापासून प्रमाणपत्राला नोकरीची किंमत आली आणि सहीला वजन. पोरगं राज्यावर खेळलं की सत्कार सहीवाल्याचा होतो. हा अन्याय आहे आणि तो शब्दाच्या ढिलाईतून झाला आहे.

आता गावातल्या मैदानावर कबड्डीपेक्षा पोलीस भरतीची पोरं जास्त. २०१९ मध्ये लेखी परीक्षा आधी घ्यायचं ठरलं, मैदानी चाचणी ५० गुणांवर आली. २०२२ मध्ये मैदानी पुन्हा आधी आली, गुण मात्र ५०च राहिले. त्यातले २० मुलांच्या १६०० मीटरचे. ते पूर्ण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंद, म्हणजे ४०० मीटरला साडेसत्त्याहत्तर सेकंद. नवखं पोरगं पहिले ४०० सत्तरच्या आत मारतं आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. म्हणून आधी दोन आठवडे ठरलेल्या वेळेतच फेरी मारायला शिकवावं लागतं, वेग नंतर.

खरी चूक मैदान आखताना होते. २०० मीटरच्या गोल फेरीसाठी मधोमध खुंटी ठोकून दोराने रेघ आखतात. खुंटीपासून चुन्याची रेघ ३१ मीटर ६३ सेंटिमीटरवर हवी, कारण धावणारा रेघेच्या २० सेंटिमीटर बाहेरून धावतो असं धरतात. दोर अर्धा मीटर आखूड पडला तर फेरी तीन मीटरने कमी होते, आठ फेऱ्यांत २५ मीटर. वेळेत पाच सेकंद खोटे. गावात ५.१० लावणारं पोरगं भरतीला ५.१५ लावतं आणि दोन गुण जातात. दोर नवा असेल तर आधी ताणून ठेवावा, टेपने मोजून गाठ मारावी. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे मुरूम दाबल्याशिवाय पळवू नये, घोटा मुरगळतो. डांबरी रस्त्यावर रोज पळवलं की नडगी दुखते.

उरलेलं काम मोजता येत नाही. सोयाबीनची सोंगणी आणि शालेय स्पर्धा अनेकदा एकाच वेळी येतात. शेतात हात कमी असले की आधी पोरीचा सराव सुटतो. तेव्हा मैदानावरचा सर संध्याकाळी तिच्या घरी जातो, बाबांजवळ ओट्यावर बसतो, सकाळी सातपर्यंत सोडा, आठला ती वावरात असेल असा शब्द देतो. आणि तो पाळला जातो की नाही, हे रोज स्वतः पाहतो.