टाके पोटावर, दुखतो खांदा

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या कॉटवर उठून बसली आणि डाव्या हाताने उजवा खांदा गच्च धरून म्हणाली, "पोट दुखतंय ते मला कळतं गं, पण या खांद्याला काय केलं यांनी? टेबलावर वेडंवाकडं झोपवलं असणार." तिचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं होतं. पोटावर चार छिद्रं होती, त्यांतली दोन जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. खांद्याला कुणी हातही लावला नव्हता. वहिनीने बाम चोळून दिला, काही उपयोग झाला नाही. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता.

हा खांदा का दुखतो, हे कळायला थेट गर्भापर्यंत मागे जावं लागतं. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा ताणलेला स्नायू म्हणजे श्वासपटल. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात त्याची पहिली जुळणी होते ती मानेपाशी. पुढे शरीर लांबत जातं तसं श्वासपटल खाली सरकतं आणि आपली नस मानेतूनच ओढून सोबत नेतं. या नसेला फ्रेनिक नर्व्ह म्हणतात. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांजवळच्या मुळांतून ती निघते. खांद्याच्या माथ्यावरच्या त्वचेची संवेदनाही याच मुळांपैकी तिसऱ्या-चौथ्यातून मेंदूकडे जाते. एका वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांची एकच टपालपेटी असावी, तसं हे आहे. खांद्याकडून आयुष्यभर पत्रं येत असतात, श्वासपटलाकडून क्वचितच. मग श्वासपटलाची तक्रार आली की मेंदू ती खांद्याच्या नावावर घालतो. ऑपरेशनच्या आधी कित्येक महिने आत्याच्या उजव्या खांद्यात आणि पाठीत कळ यायची, ती ओझं उचलल्यामुळे असं आम्ही धरून चाललो होतो. तेव्हाही चूक पत्त्याचीच होती. पाठवणारं होतं खड्यांनी भरलेलं पित्ताशय.

ऑपरेशननंतर श्वासपटलाला त्रास होतो तो गॅसमुळे. दुर्बीण आत घातल्यावर काही दिसायला हवं तर पोटात जागा लागते, म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं फुगवतात. दाब ठेवतात साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा. हाच वायू का, तर आत विजेच्या उपकरणाने रक्तस्राव थांबवायचा असतो आणि हा वायू पेट घेत नाही. शिवाय तो रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. पण पोटाच्या आतल्या ओल्या अस्तरावर त्याचं थोडं कार्बोनिक आम्ल होतं, ते चुरचुरतं. फुगवल्यामुळे श्वासपटल ताणलंही जातं. ऑपरेशन संपताना गॅस काढून टाकतात, तरी थोडा राहतोच. माणूस उठून बसला की हा उरलेला गॅस वर चढतो आणि श्वासपटलाखाली जाऊन बसतो. म्हणून बसल्यावर खांदा ठणकतो आणि सपाट आडवं झालं की बरं वाटतं. आत्याला मी आडवं व्हायला सांगितलं. पाचेक मिनिटांत तिचा हात खांद्यावरून आपोआप सुटला.

'गॅस' हा शब्द ऐकला की आपल्याकडे ओवा आणि काळं मीठ पुढे येतं. आमच्याकडेही आलं. पण ओव्याचा गॅस आतड्यांत असतो आणि हा आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत. त्याला ढेकर किंवा वायू सरून बाहेर पडायला वाटच नाही. तो रक्तात विरघळून फुप्फुसांतूनच जाणार आणि त्याला दोन-तीन दिवस लागणार. तोवर मधूनमधून आडवं होणं, खांद्याला कोमट शेक आणि थोडं चालणं, एवढं पुरतं. खरी कामगिरी आधी ऑपरेशन थिएटरमध्ये होते. जमेल तिथे सर्जन कमी दाबावर काम करतात. शेवटी टेबल डोक्याकडून खाली झुकवून भूलतज्ज्ञ काही मोठे, सावकाश श्वास देतात. त्याने फुप्फुसं फुगतात, श्वासपटल खाली ढकललं जातं आणि उरलेला गॅस छिद्रांतून निघून जातो. एवढी साधी युक्ती, पण तिने खांदेदुखी कमी होते. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा याबद्दल जरूर विचारावं.

बाकीची दुखणी त्या मानाने सरळ आहेत. एक छिद्रांचं. ते सहसा जास्त दुखतं बेंबीपाशी किंवा छातीच्या हाडाखाली, कारण पित्ताशय यांपैकी एका छिद्रातून बाहेर ओढून काढतात. दुसरं खोलवरचं, उजव्या बरगड्यांखालचं बोथट दुखणं. तिथे यकृताला चिकटलेलं पित्ताशय सोलून काढलेलं असतं. छिद्रांच्या कडांना सुन्न करणारं औषध टोचलेलं असतं. त्याचा अंमल काही तास टिकतो आणि बरेचदा रात्री उतरतो, नेमका घरातले सगळे थकून झोपलेले असताना.

म्हणून गोळी घड्याळ बघून घ्यायची. या बाबतीत मला फार कळकळीने लिहावंसं वाटतं, कारण आपल्या घरांत, विशेषतः बायकांमध्ये, सोसण्याचं कौतुक होतं. आत्या दुपारची गोळी उशीखाली ठेवून "लागली तर घेईन" म्हणत होती. वेदना सतत येत राहिली की मज्जारज्जूतल्या पेशी जास्त हळव्या होतात. मग तेवढाच धक्का मोठा वाटतो आणि तो शमवायला औषधही जास्त लागतं. शिवाय दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही. मग फुप्फुसांच्या तळाशी कफ साचतो आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पहिले दोन-तीन दिवस सहसा पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला देतात आणि जोडीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गटातलं एखादं औषध. दोघांची कामाची रीत वेगळी, म्हणून दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा जास्त आराम देतात. ट्रामाडॉलसारखं जास्त तीव्र वेदनाशामक एवढ्याने भागलं नाही तरच, कारण त्याने मळमळ, गुंगी आणि बद्धकोष्ठता होते, आणि शौचाला जोर लावला की टाके ओढले जातात. आयबुप्रोफेनच्या गटातली औषधं मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटातला अल्सर असलेले, काही दमेकरी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे यांना चालत नाहीत. तेव्हा हे डॉक्टरांना आधीच सांगायचं. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची कमाल मात्रा दिवसाला 4 ग्रॅम; वजन कमी असेल किंवा यकृत दुबळं असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या आणि 'कॉम्बिनेशन'च्या अनेक गोळ्यांतही तेच असतं, त्यामुळे नकळत दुप्पट होऊ शकतं. थिएटरमध्येच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देण्याचीही पद्धत आहे. त्याने दुखणं आणि उलट्या दोन्ही कमी होतात. मधुमेह असेल तर एखादा दिवस साखर वाढलेली दिसते, तेव्हा घाबरून जाऊ नये.

उठायची रीत नर्सबाईंनी दाखवली. आधी कुशीवर वळायचं, पाय कॉटखाली सोडायचे आणि कोपराने रेटा देत बसायचं. खोकला किंवा हसू आलं की उशी पोटाशी दाबून धरायची.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 साली देशात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याआधी उजव्या बरगडीखाली लांबलचक छेद घ्यावा लागे. त्या काळातल्या रोग्यांचा एक अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या 46 जणांच्या नोंदी रॉजर उलरिख यांनी तपासल्या आणि 1984 साली प्रसिद्ध केल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले. अभ्यास लहान आहे, तरी घरी आल्यावर आत्याची कॉट मी शेवग्याकडच्या खिडकीशी सरकवली.

दुखण्याचा आलेख मात्र रोज बघायचा. पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त, मग रोज थोडं कमी, हे ठीक. कमी झालेली पोटदुखी पुन्हा झपाट्याने वाढू लागली, पोट टणक फुगलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात, तर वेळ न दवडता सर्जनला गाठायचं. पित्त गळत असेल किंवा पित्तनलिकेत खडा राहिला असेल, तर ते असंच कळतं. दम लागणं, पोटरी सुजून दुखणं, छातीत दाब येऊन घाम फुटणं या गोष्टी 'गॅस' म्हणून कधीच सोडून देऊ नयेत.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडतो, त्याच चौकोनांत आम्ही गोळ्यांच्या वेळा लिहीत होतो आणि शेजारी आत्या दहापैकी किती दुखतंय तो आकडा टाकायची. सोमवारी सात, मंगळवारी सहा आणि 'खांदा' असा शब्द, बुधवारी चार. शुक्रवारच्या चौकोनात गोळीची एकच खूण आहे, आणि तिच्याच अक्षरात लिहिलंय, "दोन. केस धुतले."